खांब, डबा, भिंत: खानापूर तालुक्यात फायबर घेताना

घरी ब्रॉडबँड घ्यायचं ठरवलं की पहिल्या फोनपासूनच शब्द येऊन आदळायला लागतात: एमबीपीएस, एफयूपी, ओएनटी, ड्युअल बँड, पिंग, स्टॅटिक आयपी. आमच्याकडे फायबरची जोडणी झाली त्या काळात मी हे शब्द एकेक करून समजून घेतले आणि माझं एक मत पक्कं झालं. यातला प्रत्येक शब्द वाटेच्या कुठल्या तरी एका टप्प्याचा असतो. कंपनीच्या केंद्रापासून घरातल्या डब्यापर्यंत एक टप्पा, डब्यापासून हातातल्या फोनपर्यंत दुसरा, आणि केंद्रापासून पुढे जगापर्यंत तिसरा. शब्द कुठल्या टप्प्याचा हे कळलं की बिघाड कुठे शोधायचा आणि जाब कुणाला विचारायचा, दोन्ही कळतं.

मी दहावीच्या मुलांना घरून गणित शिकवते. मुलं निपाणीची, हद्दीपलीकडच्या चंदगडची, काही बेळगावातल्या वडगाव-शहापूरची. आमचं घर बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, नंदगडच्या बाजूला, झाडीत. मोबाईलच्या नेटवर वर्ग घेताना पावसाळ्यात आवाज तुटायचा, फळ्यावरची आकृती मुलांकडे अर्धीच पोचायची. भूमितीची सिद्धता अर्ध्यावर तुटली की मुलांचं लक्ष परत आणायला फार कष्ट पडतात. त्यामुळे गावातल्या खांबांवर फायबरची केबल दिसली तेव्हा मी लगेच चौकशी सुरू केली.

चौकशीत पहिलं वाक्य आलं ते असं: "शंभर एमबीपीएसपर्यंत स्पीड." या वाक्यातले दोन शब्द नीट बघण्यासारखे आहेत. एमबीपीएस म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट. आपण फाईल मोजतो ती मात्र मेगाबाईटमध्ये, आणि एका बाईटमध्ये ८ बिट असतात. म्हणून १०० एमबीपीएसच्या लाईनवर सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ मेगाबाईट उतरतात. १ जीबीची फाईल उतरायला सगळं सुरळीत असलं तरी ८० सेकंद लागणार. हा हिशेब माहीत नसला की डाउनलोडच्या पट्टीवर १२ चा आकडा बघून "शंभर सांगितलं आणि बाराच देतात" अशी तक्रार होते, आणि ती तक्रार चुकीची ठरते.

दुसरा शब्द "पर्यंत". तो का असतो ते पुढे खांबावरचा डबा बघितल्यावर समजलं. पण तेव्हाही एक गोष्ट मला माहीत होती. नुसत्या "ब्रॉडबँड" या नावाने फारसं काही कबूल केलेलं नसतं. २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएस, म्हणजे एका एमबीपीएसचा जेमतेम पाव हिस्सा, मिळालं की ते ब्रॉडबँड होतं. जानेवारी २०२३ मध्ये सरकारने ही किमान मर्यादा २ एमबीपीएस केली. म्हणजे २ मिळाले तरी कागदोपत्री ते ब्रॉडबँडच.

मला डाउनलोडपेक्षा अपलोडची काळजी जास्त होती. शिकवणाऱ्याचं चित्र आणि आवाज घरातून बाहेर जातो. स्वच्छ व्हिडिओसाठी ३-४ एमबीपीएस अपलोड सतत लागतो. काही प्लॅनमध्ये दोन्ही बाजूंना सारखा वेग असतो, काहींमध्ये अपलोड बराच कमी ठेवलेला असतो आणि पत्रकावर तो आकडा छापलेलाच नसतो. म्हणून मी तो मुद्दाम विचारून लिहून घेतला. मदत केंद्राच्या फोनवर कन्नड, इंग्रजी आणि हिंदी असे पर्याय होते. मी कन्नडमध्येच बोलले. आमच्या भागात बाजारहाट मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत चालतो, त्यामुळे अडचण आली नाही. दराच्या बाबतीत एक सांगते. चंदगडच्या पालकांनी त्यांच्याकडचे दर मला कळवले होते, पण ते महाराष्ट्र सर्कलमध्ये आणि आपण कर्नाटक सर्कलमध्ये. सर्कल म्हणजे टेलिफोन-इंटरनेट सेवेचा विभाग. सीमाभागात नातेवाईकांकडून ऐकलेला प्लॅन आपल्या पत्त्यावर मिळतोच असं नाही, इथलाच दर विचारावा. त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. ५०० चा प्लॅन हातात ५९० ला पडतो.

एफयूपी म्हणजे महिन्याच्या वापराची मर्यादा. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, पण ती ओलांडल्यावर काय होतं ते विचारलंच पाहिजे. "अनलिमिटेड" प्लॅनला बहुतेक वेळा महिन्याला ३३०० जीबीच्या आसपास मर्यादा असते. ती ओलांडली की लाईन चालू राहते, वेग मात्र खाली येतो. किती खाली, ते प्लॅनवर अवलंबून. ४ एमबीपीएसने तासभर व्हिडिओ चालला तर १.८ जीबी जातात, तेव्हा नुसत्या वर्गांनी ही मर्यादा कधीच गाठली जाणार नाही. स्वस्त प्लॅनमध्ये मर्यादा बरीच कमी असू शकते, तिथे हा हिशेब आधी करावा.

जोडणीला आलेला मुलगा खानापूरचाच होता. कामात हुशार, आणि विचारलं ते न कंटाळता सांगणारा. गावातल्या खांबावर एक काळा डबा आहे, त्यात स्प्लिटर असतो. केंद्रातून आलेल्या एका काचेच्या तंतूतला उजेड हा स्प्लिटर अनेक घरांना वाटून देतो. त्याला वीज लागत नाही, आणि म्हणूनच या जाळ्याला पॅसिव्ह म्हणतात. पॉन (पॅसिव्ह ऑप्टिकल नेटवर्क) या नावातलं पहिलं अक्षर त्याचंच. आपल्याकडे सर्रास वापरतात त्या जीपॉन पद्धतीत केंद्राकडून येणारा एकूण वेग सुमारे २.५ गिगाबिट असतो आणि तो ३२ किंवा ६४ घरांत वाटला जाऊ शकतो. ३२ घरांनी एकाच क्षणी पूर्ण ताकदीने डाउनलोड केलं तर प्रत्येकाच्या वाट्याला ७८ च्या आसपासच येतात. सगळे एकदम डाउनलोड करत नाहीत म्हणून शंभराचा प्लॅन विकता येतो. जाहिरातीतल्या "पर्यंत"चं एक मोठं कारण हे. संध्याकाळी मालिका आणि क्रिकेटच्या वेळी लाईन जड होते, तिच्या मुळाशीही पुष्कळदा हीच वाटणी असते, खांबावर नाहीतर त्याच्याही मागे कंपनीच्या लाईनवर.

डब्यातून घरापर्यंत जी बारीक काळी केबल येते तिला ही मंडळी ड्रॉप म्हणतात. तिच्या आत खरा तंतू असतो तो १२५ मायक्रॉन जाडीचा, आणि त्यातही उजेड धावतो तो गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा. त्या मुलाने तंतू सोलला, पुसला, कापला आणि मशीनमध्ये धरून दुसऱ्या तंतूशी वितळवून जोडला. याला स्प्लाइस म्हणतात. टोकाला हिरवा कनेक्टर बसवला. हिरव्या कनेक्टरचं तोंड ८ अंशांत तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं नसतं, म्हणून हिरव्यात निळा खुपसायचा नाही. आणि त्याने बजावून सांगितलेली गोष्ट मीही बजावून सांगते: या केबलच्या उघड्या टोकात डोळा लावून कधीही बघू नये. आतला उजेड १४९० आणि १३१० नॅनोमीटरचा असतो, तो माणसाच्या डोळ्याला दिसत नाही. दिसत नाही म्हणजे चालू नाही, असा समज मुलांचा सहज होतो.

मग त्याने छोटा मीटर लावला आणि म्हणाला, "आक्का, पॉवर चांगलं येतंय बघा, उणे एकोणीस पॉइंट सहा."

हा आकडा मी राउटरच्या खोक्यावरच पेनाने लिहून ठेवला. ब्रॉडबँडच्या सगळ्या आकड्यांत सामान्य ग्राहकाच्या सर्वांत उपयोगाचा आणि सर्वांत कमी माहीत असलेला आकडा हाच, असं मी आता ठामपणे म्हणेन. याचं एकक डीबीएम. शून्य डीबीएम म्हणजे एक मिलिवॉट. तिथून १० ने खाली गेलं की ताकद दहावा भाग उरते, ३ ने खाली गेलं की निम्मी. म्हणजे उणे २० ला घरात पोचतो तो मिलिवॉटचा शंभरावा हिस्सा, आणि तेवढ्यावर सगळं उत्तम चालतं. उणे २७ च्या खाली गेलं की नेहमीचा ओएनटी चाचपडायला लागतो. ओएनटी म्हणजे उजेडाचं विजेच्या इशाऱ्यात रूपांतर करणारा घरातला डबा. आजकाल तोच वायफायही देतो, म्हणून आपण सगळ्यालाच राउटर म्हणून मोकळे होतो.

त्या डब्यावरचे दिवेही मी त्याच दिवशी समजून घेतले. पॉनचा दिवा हिरवा आणि स्थिर असला की केंद्राशी बोलणं नीट चाललंय. लॉसचा दिवा लाल झाला की उजेडच येत नाही. पॉन हिरवा आहे आणि इंटरनेटचा दिवा तेवढा बंद, तर केबल शाबूत आहे, गडबड खात्याच्या लॉगिनची किंवा केंद्राच्या पुढची. लॉगिन म्हणजे पीपीपीओईचं युजरनेम आणि पासवर्ड. तो वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो आणि तो आपल्याकडे लिहिलेला असावा. डबा कधी रीसेट झाला तर त्याच्याशिवाय लाईन उभी राहत नाही. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकून राउटरचं पान उघडतं. तिथला मूळ पासवर्ड मी बदलला आणि सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२ आहे ना ते पाहिलं.

इथपर्यंत पहिला टप्पा. लॅपटॉप तारेने जोडून चाचणी घेतली तर ९४ आले. शंभराच्या पोर्टवर, म्हणजे तार जोडायच्या खाचेत, तारेतून एवढेच येतात. माहिती छोट्या छोट्या तुकड्यांत जाते, त्यांना पाकिटं म्हणतात, आणि बाकीचे प्रत्येक पाकिटावरच्या पत्त्यात आणि तपासणीत जातात. मग मी शिकवायला बसते त्या मागच्या खोलीत फोन घेऊन गेले. तिथे १५-२० वर आलं.

आमचं घर जुनं कौलारू, भिंती जांभ्या चिऱ्याच्या, हातभर जाड. वायफाय दोन पट्ट्यांवर चालतं, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. ५ ची पट्टी वेगवान, पण भिंतीला लवकर हार जाते. २.४ लांब जाते, भिंतीही बऱ्यापैकी ओलांडते, पण वेग कमी आणि शेजाऱ्यांच्या राउटरची, मायक्रोवेव्हची ढवळाढवळ जास्त. ड्युअल बँड म्हणजे डबा दोन्ही देतो, इतकंच. चिऱ्याच्या दोन भिंतींपुढे ५ ची पट्टी पोचतच नव्हती. यात कंपनीचा काही दोष नव्हता. मदत केंद्राला फोन करून हे सुटलं नसतं, कारण त्यांची लाईन त्यांच्या टोकाला पूर्ण वेग देत होती.

दुकानदाराने रिपीटर सुचवला. रिपीटर एकाच पट्टीवर ऐकतो आणि त्याच पट्टीवर पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. मी त्याऐवजी भिंतीतून कॅट६ ची (इथरनेटची) तार ओढून घेतली आणि मागच्या खोलीत दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे तारेने आलेलं नेट तिथे वायफायने देण्यासाठी, लावला. इथरनेटची तार १०० मीटरपर्यंत पूर्ण वेगाने चालते, घरातल्या घरात ते पुरून उरतं. चिऱ्याच्या किंवा मातीच्या जाड भिंतींच्या घरांना मी हाच उपाय सांगते. महागडा "अँटेनावाला" राउटर घेण्याआधी तार ओढून बघावी. पट्टीच्या आतल्या वाटांना चॅनल म्हणतात. २.४ च्या पट्टीवर चॅनल १, ६ किंवा ११ यांतला एक ठेवावा. हे तीन एकमेकांत मिसळत नाहीत.

जुलैत खरी परीक्षा झाली. जांबोटी-कणकुंबीकडे तर पाऊस कोसळतोच, आमच्याकडेही त्या आठवड्यात झाडं मोडली. नेट पूर्ण बंद पडलं नाही. मध्येच जायचं, पुन्हा यायचं, पॉनचा दिवा लुकलुकायचा. मी राउटरचं पान उघडलं. बऱ्याच ओएनटीमध्ये तिथेच आरएक्स पॉवर म्हणून तो उजेडाचा आकडा दिसतो. उणे २८.९ होता. खोक्यावर लिहिलेला उणे १९.६. नऊपेक्षा जास्त फरक, म्हणजे आठव्या हिश्शाएवढाही उजेड उरला नव्हता. घरातली केबल कुठे वाकलेली नव्हती, कनेक्टर घट्ट होता. दोष बाहेर होता.

मदत केंद्रावर नेहमीप्रमाणे राउटर बंद करून चालू करायला सांगितलं. मी सांगितलं की तेही केलंय, पॉन लुकलुकतोय, जोडणीच्या वेळी उणे १९.६ होतं आणि आता उणे २८.९ आहे. पलीकडची बाई क्षणभर थांबली आणि थेट लाईनच्या पथकाकडे तक्रार नोंदवली. डॉकेट क्रमांक मी लगेच मागून घेतला. तक्रारीचा निपटारा नीट झाला नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे दाद मागता येते, आणि तिथे हा क्रमांकच कामाला येतो. माझ्यावर ती वेळ आली नाही. माणूस आला तो थेट खांबाकडे गेला. फांदीच्या भाराने केबल क्लॅम्पपाशी मुडपली होती. काचेच्या तंतूला तीव्र वळण पडलं की उजेड तिथूनच बाहेर निसटतो. त्याने तेवढा तुकडा काढून नवा स्प्लाइस केला आणि आकडा उणे २०.१ वर आला. "नेट चालत नाही" एवढंच सांगितलं असतं तर आधी कुणीतरी राउटर बदलायला आलं असतं, याबद्दल मला शंका नाही.

त्याच पावसात आणखी एक उपयोगी गोष्ट लक्षात आली. लाईट गेली की नेट जातं ते बहुधा आपला डबा बंद पडतो म्हणून. खांबावरच्या स्प्लिटरला वीज लागतच नाही आणि केंद्राकडे बॅटरी असते. बहुतेक ओएनटी १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालतात. त्याच व्होल्टचा छोटा यूपीएस लावला, आणि मागच्या खोलीतल्या राउटरलाही, तेव्हापासून लाईट गेली तरी वर्ग चालू राहतो.

तिसरा टप्पा आपल्या हातात सर्वांत कमी असतो, तरी त्याचे शब्द शिकवणाऱ्याला फार लागतात. वेग आणि पिंग या दोन वेगळ्या गोष्टी. कारखान्याकडे जाणारा दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर एका खेपेत ढीगभर माल नेतो, पण पोचायला वेळ लावतो. मोटरसायकलवरचा माणूस चिठ्ठी घेऊन केव्हाच पोचलेला असतो. वेग म्हणजे खेपेतला माल, पिंग म्हणजे चिठ्ठी जाऊन उत्तर परत यायला लागलेला वेळ. तो मिलिसेकंदांत मोजतात. काचेच्या तंतूतून उजेड सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे ५०० किलोमीटरवर जाऊन परत यायला ५ मिलिसेकंद तर लागणारच. बेळगाव मुंबई आणि बेंगळुरूच्या साधारण मध्यावर, दोन्हीकडून ५०० किलोमीटरच्या आसपास. मी ट्रेसरूट, म्हणजे पाकिटं कुठून कुठून जातात ते दाखवणारी आज्ञा, चालवून पाहिलं, तेव्हा आमची पाकिटं आधी बेंगळुरूला आणि मग मुंबईला जाताना दिसली. डोंगरापलीकडच्या चंदगडच्या मुलाने विचारलेली शंका एवढी वाट फिरून माझ्यापर्यंत येते, तरी पन्नास मिलिसेकंदांच्या आत. वर्गाला एवढं पुरतं.

वर्ग बिघडतो तो जिटरने आणि पॅकेट लॉसने. पिंग एकदा २० आणि पुढच्या क्षणी १५० असं नाचत राहिलं तर त्याला जिटर म्हणतात, आवाज यंत्रासारखा कापरा येतो. पाकिटं वाटेत हरवली तर शब्दच गळतात. स्पीड टेस्टवर नव्वद दिसत असताना मुलं "मॅडम, तुटतंय" म्हणतात, ते यामुळे. तेव्हा आधी तारेने जोडून बघायचं. तारेवर जिटर गेला तर दोष वायफायचा. राहिला तर कंपनीला कळवायचं, आणि कळवताना वेगाचा आकडा न देता पिंग आणि पॅकेट लॉसचे आकडे द्यायचे.

अलीकडे शेजारच्या काकांनी काजूच्या बागेतल्या घरावर कॅमेरे बसवायचे ठरवले. बागेपर्यंत फायबर गेली होती. कॅमेरेवाल्याने स्टॅटिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा न बदलणारा, स्वतःचा पत्ता, घ्यायला सांगितलं, आणि कंपनी त्याचं वेगळं भाडं मागत होती. काका माझ्याकडे कागद घेऊन आले. जुन्या पद्धतीचे, आयपीव्ही४ चे पत्ते एकूण सुमारे ४३० कोटी आहेत आणि ते जगाला पुरत नाहीत. म्हणून कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात. याला सीजीनॅट म्हणतात. राउटरच्या पानावरचा आपला पत्ता १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होत असेल तर आपण त्याच्या मागे आहोत. काकांचा तसाच होता. अशा लाईनवर आतून बाहेर जाणारं सगळं चालतं, बाहेरून थेट आत येता येत नाही.

पण आजचे बरेच कॅमेरे स्वतःहून बाहेरच्या सर्व्हरशी जोडून घेतात आणि फोनवरच्या ॲपमधून दिसतात. काकांचे तसेच होते, म्हणून स्टॅटिक आयपीचे पैसे वाचले. उरला प्रश्न अपलोडचा. एक कॅमेरा २ एमबीपीएस घेतो असं धरलं तर चारांना ८ लागतात, तेवढा त्यांच्या प्लॅनला होता. मात्र चारही कॅमेऱ्यांचं चित्रण दिवसरात्र क्लाउडवर पाठवलं तर एका दिवसात ८६ जीबी जातात आणि तीस दिवसांत २५०० च्या वर, म्हणजे ३३०० च्या मर्यादेतला मोठा हिस्सा कॅमेऱ्यांनीच खाल्ला. म्हणून चित्रण प्रत्येक कॅमेऱ्यातल्या मेमरी कार्डवर ठेवलंय. कुणी हालचाल केली तरच काकांच्या फोनला इशारा येतो आणि तेवढाच तुकडा लाईनवरून जातो.